जमीन माणसाची की माणूस जमिनीचा? ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींच्या श्रद्धा आणि त्यांचा मुलूख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात राहायला आलेल्या मराठी माणसाच्या कानावर एक वाक्य पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच पडते. शाळेचा कार्यक्रम असो, कार्यालयातली बैठक असो, की मराठी मंडळाचा गणेशोत्सव. सुरुवातीला कोणीतरी उभे राहून, आपण जमलो आहोत त्या भूमीच्या पारंपरिक राखणदारांना आदरपूर्वक स्मरतो. वाक्य ऐकून सवय होते, पण त्यामागे काय आहे हे सहसा कोणी सांगत नाही. आप्तेष्टांनी आणि परिचितांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

ऑस्ट्रेलियाचे मूलनिवासी म्हणजे नेमके कोण? त्यांचा सगळ्यांचा एकच धर्म आहे का?

नाही, आणि हे आधी सांगितलेले बरे. १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहत सुरू झाली तेव्हा या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या, आणि प्रत्येक भाषा एका ठरावीक प्रदेशाशी बांधलेली होती. माणसाचा येथील वास किमान ५०,००० वर्षांचा आहे. उत्तरेतील माजेदबेबे येथील उत्खननावरून तो ६५,००० वर्षांपर्यंत मागे नेला जातो. २०२१ च्या जनगणनेत ८,१२,७२८ जणांनी स्वतःची नोंद ॲबोरिजिनल किंवा टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी अशी केली. हे बेटवासी वेगळे लोक आहेत आणि त्यांच्या श्रद्धाही वेगळ्या आहेत.

म्हणून 'ॲबोरिजिनल लोक असे मानतात' असे सरसकट वाक्य जपूनच वापरावे. पुढील उत्तरांत शक्य तेथे त्या त्या समाजाचे नाव दिले आहे. 'आदिवासी' हा शब्द चुकीचा नाही, परंतु तो वाचताच आपल्या डोळ्यांसमोर डहाणू किंवा मेळघाट येतो, म्हणून येथे 'मूलनिवासी' असे लिहिले आहे.

'ड्रीमटाइम' म्हणजे स्वप्नांचा काळ का?

हा शब्द भाषांतरातून आला आणि त्याने जितके समजावले तितकेच चकवलेही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉल्डविन स्पेन्सर आणि फ्रँक गिलेन या दोन अभ्यासकांनी मध्य ऑस्ट्रेलियातील अरेर्न्ते लोकांच्या एका शब्दाचे इंग्रजी रूपांतर असे केले. त्या शब्दाच्या अर्थछटांमध्ये स्वप्न आहे, पण तेवढेच नाही. वार्लपिरी लोक त्याला 'जुकुर्पा' म्हणतात, पिचांचाचारा लोक 'चुकुर्पा' म्हणतात, आणि उलुरू या प्रसिद्ध खडकाभोवतीचे लोक त्या शब्दाचा अर्थ विचारल्यावर बहुधा 'कायदा' असा सांगतात.

कल्पना थोडक्यात अशी : पूर्वज जमिनीवरून चालत गेले. कोणी माणसाच्या रूपात, कोणी सर्पाच्या, कोणी इमू किंवा मुंगीच्या. चालताना त्यांनी भांडणे केली, लग्ने केली, शिकार केली, चुका केल्या, गाणी म्हटली. आणि जेथे जे घडले तेथे डोंगर, पाणवठा, दगड, झाड उभे राहिले. विवाह कोणाशी करावा, अन्न कसे वाटावे, मृताचे काय करावे, हे नियमही त्याच प्रवासात घालून दिले गेले. शेवटी ते पूर्वज जमिनीत शिरले आणि तेथेच राहिले.

'राहिले' हे क्रियापद महत्त्वाचे आहे, कारण हा काळ संपलेला नाही. सत्ययुग होऊन गेले आणि आता कलियुग चालू आहे, अशी ही मांडणी नव्हे. मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी यासाठी इंग्रजीत एक नवाच शब्द घडवला. 'सर्वदा' आणि 'जेव्हा' यांची सांगड घातली तर त्याच्या जवळपास पोचता येते. पूर्वजाने केलेली कृती तेव्हाही झाली आणि आजही होत आहे, आणि योग्य ठिकाणी योग्य माणसांनी गाणे म्हटले की ती पुन्हा जागी होते.

'कंट्री' हा शब्द सतत कानावर येतो. मराठीत त्याला काय म्हणावे?

'देश' म्हटले तर सीमा आणि पारपत्र आठवते, 'जमीन' म्हटले तर सातबारा. मला 'मुलूख' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, कारण 'आमचा मुलूख' म्हणताना आपण माती, पाणी, बोली, माणसे आणि पूर्वज हे सारे एकदम म्हणतो. मूलनिवासींच्या इंग्रजीत हा शब्द जवळजवळ माणसाच्या नावासारखा वापरला जातो. मुलूख आजारी असतो, मुलूख ओळखतो, मुलुखाला माणसांची आठवण येते. त्यात आकाश, वारा, समुद्राचे पाणी आणि भरती-ओहोटीचा पट्टाही येतो.

अनेक वाळवंटी भाषांत 'ङुर्रा' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ रात्रीचा मुक्काम, घर आणि मुलूख, तिन्ही. (आपल्या वर्णमालेतला ङ 'वाङ्मया'सारख्या मोजक्या शब्दांपुरता उरला आहे, तिकडे मात्र कित्येक शब्दांची सुरुवातच त्याने होते, आणि देवनागरीत ते शब्द इंग्रजीपेक्षा सहज लिहिता येतात.)

एखादे ठिकाण 'कथेचे' असते म्हणजे प्रत्यक्षात काय असते?

उलुरूचेच उदाहरण घेऊ. सपाट, तांबड्या वाळवंटातून ३४८ मीटर उंच उठलेला हा एकसंध खडक. पर्यटक सूर्यास्ताला त्याचे रंग पाहतात. तेथील अनांगू लोक त्याच खडकावर घटना वाचतात.

दक्षिण बाजूला मुटिचुलू नावाचा पाणवठा आहे. कुनिया ही अजगर-स्त्री आपली अंडी गळ्यात बांधून पूर्वेकडून आली. तिच्या भाच्याला लिरू, म्हणजे विषारी सर्पांच्या योद्ध्यांनी भाले मारून ठार केले. भाल्यांच्या त्या खुणा खडकाच्या नैर्ऋत्य अंगावर भोकांच्या रूपात दाखवल्या जातात. कुनिया संतापून मुटिचुलूपाशी आली. समोरचा लिरू तिच्या दुःखाला हसला. तिने मुठीत वाळू घेऊन खाली टाकली, आपल्या संतापाचा दाह आसपास पसरू नये म्हणून. तरीही भोवतालच्या झाडांत विष उतरलेच. मग तिने खणायच्या काठीने त्याच्या डोक्यावर घाव घातला. पहिला घाव हलका होता, दुसरा प्राणघातक. पाणवठ्याजवळच्या कड्यावर दोन उभ्या भेगा आहेत, एक आखूड आणि एक लांब. त्याची ढाल पडली तो दगड खाली आहे, आणि कड्यावरून उतरणारी वळणदार काळी रेघ ही कुनिया आहे.

वाटाड्या ही गोष्ट सांगतो तेव्हा ती भेग बोटाने दाखवतो. घाव किती असावा, शिक्षा कुठे थांबावी, मावशीचे भाच्याविषयीचे कर्तव्य काय, हे त्या दगडावर आहे आणि मुलांना तेथेच उभे करून शिकवले जाते. बाहेरच्यांना सांगितली जाते ती कथेची मुलांसाठीची, खुली बाजू. तिच्या आत आणखी थर आहेत आणि ते ज्याच्या त्याच्या अधिकाराप्रमाणे उघडतात.

'गीतमार्ग' म्हणजे काय?

पूर्वज ज्या वाटेने गेले, त्या वाटेवरील ठिकाणे क्रमाने गुंफणारी गाण्यांची मालिका म्हणजे गीतमार्ग. एकेका कडव्यात एकेक ठिकाण येते : येथे पाणी आहे, येथे त्या बाईने आग पेटवली, येथून टेकडीला वळसा. पाऊस क्वचितच पडणाऱ्या प्रदेशात, ज्याला गाणे पाठ आहे त्याला पाणी सापडते. वाट शेकडो मैल जाते, अनेक भाषांच्या मुलुखांतून जाते, आणि एका समाजाकडे तिचा एकच तुकडा असतो. पुढचा तुकडा शेजाऱ्यांचा. त्यामुळे पूर्ण गाणे हवे असेल, तर शेजाऱ्याशी संबंध ठेवावेच लागतात.

सर्वांत प्रसिद्ध मार्ग सात बहिणींचा. वाती न्यीरू नावाचा मायावी पुरुष त्यांचा पाठलाग करतो, त्या वाळवंटभर पळतात, कुठे लपतात, कुठे नाचतात, आणि शेवटी आकाशात जातात. त्या म्हणजे आपल्या कृत्तिका. पाठलाग करणाऱ्याला मृग नक्षत्राच्या जागी पाहिले जाते, जेथे आपल्याकडेही मृग आणि व्याध यांची शिकारकथा आहे. या साम्यावरून फार मोठे निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा; तारे सगळ्यांना तेच दिसतात.

त्याहून वेगळी आहे आकाशातील इमूची आकृती, कारण ती ताऱ्यांची नाही, ताऱ्यांमधल्या अंधाराची आहे. त्रिशंकूशेजारचा काळा डाग हे तिचे डोके, तेथून मान निघते आणि धड वृश्चिकाच्या बाजूला पसरते. न्यू साउथ वेल्समधील कामिलरोई आणि युआलयी लोक वर्षभरात तिची बदलती स्थिती पाहून, जमिनीवरचे इमू कधी अंडी घालतात आणि ती कधी गोळा करावीत, हे ठरवत आले आहेत. मे महिन्यात कोकणातल्या एखाद्या अंधाऱ्या किनाऱ्यावरून दक्षिण क्षितिजाकडे पाहिले, तर त्रिशंकू खाली टेकलेला दिसतो. चांदणे नसेल तर इमूही शोधून पाहावी.

इंद्रधनुषी सर्प हा त्यांचा मुख्य देव आहे का?

मुख्य देव अशी कल्पनाच नाही, आणि सर्पही एक नाही. खंडाच्या उत्तर टोकाकडील आर्नहेम लँडच्या पश्चिम भागात तो ङाल्योद आहे. नैर्ऋत्येकडील नुङ्गार लोकांचा वागुल वेगळा, ज्याच्या सरपटण्याने पर्थची स्वान नदी घडली. दोघांचाही संबंध पाण्याशी आणि पाण्याच्या धोक्याशी आहे. अनोळखी माणसाने एकदम पाण्यात उतरू नये. नुङ्गार रिवाजाप्रमाणे आधी चिमूटभर वाळू पाण्यात टाकून आपण आल्याची वर्दी द्यावी.

हे आपल्या देवक, देवराई किंवा कुलदैवतासारखे नाही का?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच, आणि तुलना काही अंतरापर्यंत उपयोगी पडते.

देवकाचे उदाहरण घ्या. कळंब, पंचपल्लव किंवा मोरपीस हे कुळाचे देवक असते, लग्नात ते बसवले जाते, आणि समान देवक असलेल्यांनी सोयरीक करू नये अशी रूढी होती. मूलनिवासी समाजांतही माणसाचे नाते एखाद्या प्राण्याशी, वनस्पतीशी, पावसाशीसुद्धा असते, आणि त्या नात्यावर विवाहाचे नियम अवलंबून असतात. फरक असा की तेथे नाते तेवढ्यावर थांबत नाही. ज्याचे नाते इमूशी, त्याच्यावर इमूच्या ठिकाणांची आणि इमू वाढावेत म्हणून करायच्या विधींची जबाबदारी येते. अरेर्न्ते लोकांत तर आईला गर्भाची पहिली हालचाल ज्या जागी जाणवली, त्या जागेचा पूर्वज बाळात आला असे मानले जाते; म्हणजे सख्ख्या भावांची ठिकाणे वेगळी असू शकतात.

देवराई अधिक जवळची वाटते, पण तिथे एक उलटी गोष्ट आहे. देवराई हात न लावल्याने टिकते. काठी तोडायची नाही, पाचोळा उचलायचा नाही. मूलनिवासींच्या दृष्टीने मात्र ज्याला कोणी हात लावत नाही तो मुलूख अनाथ असतो. तेथे चालत जायला हवे, जाळायला हवे, पाणवठा उपसून स्वच्छ करायला हवा, शिकार करायला हवी, गायला हवे. काही भागांत तर नीट सांभाळलेल्या मुलखाला 'शांत' आणि दुर्लक्षित मुलखाला 'रानटी' म्हणतात.

कुलदैवताची तुलना मला सर्वांत बोलकी वाटते, ती जिथे तुटते त्यामुळे. जेजुरीचा खंडोबा जेजुरीला आहे खरा, परंतु त्याचा टाक देव्हाऱ्यात घेऊन कुटुंब पुण्याला जाते, तेथून मेलबर्नला जाते, आणि चंपाषष्ठीला तेथेही तळी भरली जाते. आपला देव जळी, स्थळी, काष्ठी, पाषाणी आहे. कुनियाने घातलेला घाव मात्र मुटिचुलूच्या कड्यावरच आहे. पवित्र वस्तू त्यांच्याकडेही असतात, पण त्या ठिकाणाच्या वतीने असतात, ठिकाणाऐवजी नसतात. ज्याचा कडा गेला, त्याचे सगळेच गेले. पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या एका फरकावर उभी आहेत.

मग मुलखाचा मालक कोण असतो?

वार्लपिरी पद्धत पाहिली तर उत्तर स्पष्ट होते. वडिलांकडून ज्यांना एखादे ठिकाण आणि त्याची कथा मिळते ते 'किर्दा'. ज्यांना ते आईच्या माहेराकडून मिळते ते 'कुर्दुङुर्लु'. विधीत अंग रंगवून नाचतात ते किर्दा. परंतु रंग बरोबर आहे का, गाणे चुकले का, ठिकाणाची निगा राखली जाते का, हे पाहण्याचा अधिकार कुर्दुङुर्लुंचा. एकाशिवाय दुसऱ्याला काहीच करता येत नाही, आणि प्रत्येक माणूस एका ठिकाणी किर्दा तर दुसऱ्या ठिकाणी कुर्दुङुर्लु असतो. म्हणजे आजोळच्या देवाच्या पूजेवर देखरेख भाच्यांची! उत्तरेकडील योल्ङू लोकांत सारे विश्वच धुवा आणि यिरिचा अशा दोन अर्ध्यांत वाटलेले आहे. माणसे, वारे, मासे, झाडे, सगळे. आणि आई नेहमी दुसऱ्या अर्ध्यातली असते.

विकण्याचा अधिकार यांपैकी कोणालाच नाही. तो प्रश्नच त्या व्यवस्थेत उद्भवत नाही.

आग लावणे हा मुलूख सांभाळण्याचा भाग कसा?

उत्तरेकडील काकडू परिसरातील बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. आपल्यालाही सहाच ऋतू पाठ असतात, पण त्यांचे ऋतू वेगळ्या खुणांनी ओळखले जातात. पावसाळ्याच्या शेवटी 'बाङ्गेरेङ'मध्ये येणारी वादळे उंच गवत आडवे करतात. त्यानंतरच्या गारव्याच्या 'येगे' ऋतूत निलगिरीच्या एका जातीला फुले आली की ती जाळण्याची खूण. तेव्हा जमिनीत ओल असते, रात्री दव पडते, आणि लावलेली आग गुडघाभर उंचीची, सावकाश, थोड्या जागेत जळून विझते. अशी तुकड्यातुकड्यांनी जाळलेली जमीन वर्षाच्या अखेरीस, उष्ण वाऱ्यात, एकदम पेट घेत नाही. कोवळा चारा येतो, कांगारू येतात.

लोकांना वसाहतकाळात ख्रिस्ती मिशनच्या वसाहतींत आणि गावांत नेल्यावर आर्नहेम लँडचे पठार ओस पडले आणि प्रचंड वणवे लागू लागले. वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून तेथे पुन्हा लवकरची आग सुरू झाली, आणि २००६ पासून वाचलेल्या कार्बनचा मोबदला त्या कामाला मिळू लागला. शास्त्रज्ञ याला उत्सर्जन-कपात म्हणतात. लोक मुलूख 'झाडून घेतला' म्हणतात. मला दुसरा शब्द जास्त नेमका वाटतो.

न्यायालयांनी या नात्याला मान्यता दिली आहे का?

दिली, फार उशिरा दिली, आणि अर्धीमुर्धी दिली.

१९६३ मध्ये यिरकाला येथील योल्ङू लोकांनी त्यांच्या जमिनीवर बॉक्साइटच्या खाणीला दिलेल्या परवानगीविरुद्ध संसदेला अर्ज पाठवले. टंकलिखित मजकूर दोन भाषांत होता, आणि तो झाडाच्या सालीवर डकवून भोवती कुळांची चित्रे काढली होती. ज्यांना वाचता येते त्यांच्यासाठी ती चित्रे म्हणजे मालकीचा दस्तच होता. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी मान्य केले की या लोकांकडे सुस्पष्ट कायदा आहे. त्यांनी असेही नोंदवले की पुराव्यावरून जमीन कुळाची आहे म्हणण्यापेक्षा कूळ जमिनीचे आहे असे म्हणणे अधिक सोपे जाते. आणि नेमक्या याच कारणाने दावा फेटाळला गेला, कारण इंग्रजी कायद्याला हवी तशी 'मालमत्ता' त्यात दिसली नाही. इतके अचूक निरीक्षण आणि त्याचा इतका विपरीत उपयोग एकाच निकालात क्वचितच सापडेल.

दरम्यान १९६६ मध्ये वेव्ह हिलच्या गुरांच्या वाडीवरून व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी मजूर आपल्या कुटुंबांसह काम सोडून चालते झाले. बाहेरच्यांना तो मजुरीचा संप वाटला. त्यांना जमीन परत हवी होती. ते नऊ वर्षे हटले नाहीत. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम तेथे आले, खाली वाकले, आणि मूठभर तांबडी माती त्यांनी लिंगियारींच्या तळहातावर ओतली. पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये, नॉर्दर्न टेरिटरीसाठी जमीनहक्क कायदा झाला, आणि आज त्या प्रांताची जवळपास निम्मी जमीन त्याखाली मूलनिवासींकडे आहे.

३ जून १९९२ रोजी उच्च न्यायालयाने, जे येथील सर्वोच्च न्यायालय आहे, माबो खटल्यात हा खंड वसाहतीपूर्वी 'कोणाचाही नव्हता' हे गृहीतक मोडीत काढले. खटला टॉरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाचा होता. तेथील मालो या दैवताचा नियम असा की मालो आपले हात आवरून ठेवतो, दुसऱ्याच्या बागेला लावत नाही. म्हणजे हद्दी आणि हक्क होतेच. ज्यांच्या नावाने खटला ओळखला जातो ते एडी कोइकी माबो निकालाच्या सुमारे साडेचार महिने आधी, जानेवारीत, वारले होते.

त्यानंतर झालेल्या मूलनिवासी हक्कांच्या कायद्याखाली जमिनीच्या दाव्यासाठी वसाहतीपासून आजपर्यंत परंपरा अखंड असल्याचे सिद्ध करावे लागते. ग्रेट सँडी वाळवंटातील ङुर्रारा दावेदारांनी हे करण्याचा जो मार्ग काढला तो विलक्षण होता. १९९७ मध्ये त्यांनी पिर्निनी येथे आठ मीटर रुंद आणि दहा मीटर लांब कापडावर आपला मुलूख रंगवला, 'जिला' म्हणजे न आटणारे, सर्पांचा वास असलेले पाणवठे जागच्या जागी दाखवून. लवादापुढे साक्ष देताना प्रत्येक जण त्या चित्रातील आपल्या पाणवठ्यावर जाऊन उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, हक्क मान्य झाला.

मरे नदीकाठच्या योर्ता योर्ता लोकांना मात्र २००२ मध्ये नकार मिळाला : इतिहासाच्या भरतीने तुमची परंपरा वाहून गेली, असा निष्कर्ष कायम राहिला. ज्यांना बळाने जमिनीवरून हलवले, ज्यांची मुले सरकारने काढून नेली, त्यांनाच तुम्ही तेथे का नव्हता असे विचारणारा हा कायदा आहे. त्याचा बचाव मला करता येत नाही.

श्रद्धेच्या हानीची भरपाई पैशात होऊ शकते का?

२०१९ मध्ये टिंबर क्रीक प्रकरणात न्यायालयाने होय म्हटले. ङालिवुर्रु आणि नुङ्गाली लोकांना सुमारे २५ लाख डॉलर देण्यात आले, आणि त्यांपैकी १३ लाख हे जमिनीच्या किमतीसाठी नव्हे, तर मुलखाशी असलेल्या आध्यात्मिक नात्याला बसलेल्या धक्क्यासाठी होते. आकडा पुरेसा की अपुरा हा प्रश्न वेगळा. जमिनीची किंमत आणि नात्याची किंमत निराळी मोजली गेली, ही नवी गोष्ट होती.

खाणींशी संघर्ष वारंवार का होतो?

खनिज जमिनीत आहे आणि पूर्वजही जमिनीतच आहेत. काकडूजवळील कोरोनेशन हिल येथे जावोइन वडीलधारे सांगत होते की तेथे बुला हा पूर्वज आहे, त्याला छेडले तर सर्वनाश होईल. त्या परिसराला ते 'आजाराचा मुलूख' म्हणतात, आणि तेथील खडकांत युरेनियम आहे. १९९१ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांच्या सरकारने तेथे खाण नाकारली.

असे दर वेळी होत नाही. २४ मे २०२० रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिल्बरा भागात रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी जुकान घळीतील दोन शैलाश्रय सुरुंगाने उडवले. त्यांतील एकात माणसाच्या वावराचा पुरावा ४६,००० वर्षांपर्यंत जात होता. आधीच्या उत्खननात तेथे माणसाच्या केसांचा विणलेला, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा पट्टा सापडला होता, आणि त्यातील डीएनएचा धागा त्या जागेच्या आजच्या राखणदारांशी, पुटू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला होता. राज्याच्या १९७२ च्या कायद्यानुसार स्फोट वैध होता. गदारोळानंतर कंपनीचे मुख्याधिकारी पायउतार झाले.

इतके महत्त्वाचे ठिकाण असेल तर ते आधीच जाहीर का करत नाहीत?

कारण सर्व ज्ञान सर्वांसाठी नसते. काही पुरुषांचे असते, काही स्त्रियांचे, काही दीक्षा झालेल्यांचे. अनधिकाऱ्याला सांगणे हाच अपराध. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हिंडमार्श बेटाच्या पुलाला ङारिंजेरी स्त्रियांनी स्त्रियांच्या गुप्त परंपरेचा आधार देऊन विरोध केला, तेव्हा त्यांची कोंडी झाली. सांगावे तर नियम मोडतो, न सांगावे तर खोटे ठरवले जाते. १९९५ मध्ये एका चौकशी आयोगाने ते बनावट ठरवले; २००१ मध्ये संघीय न्यायालयाच्या न्यायमूर्तींना तसे वाटले नाही; पूल तोवर होऊन गेला होता.

ठिपक्यांची प्रसिद्ध चित्रशैलीही याच संदर्भात पाहावी. १९७१ च्या सुमारास पापुन्या येथे वाळवंटी चित्रकार फळ्यांवर रंगवू लागले, आणि सुरुवातीच्या काही चित्रांत गुप्त गोष्टी उघड झाल्यावर त्यांच्याच समाजात वाद झाला. त्यानंतर ठिपके वाढत गेले. अनेक चित्रांत ते झाकण्याचे काम करतात. दिवाणखान्यात लावलेले चित्र त्याच्या मालकाला पूर्ण दिसतच नसते.

आज बरेच मूलनिवासी ख्रिस्ती आहेत ना?

हो, आणि अनेकांना त्यात विसंगती वाटत नाही. यिरकाला येथील मिशनच्या चर्चमध्ये १९६२-६३ मध्ये योल्ङू वडीलधाऱ्यांनी दोन मोठे फलक रंगवून बसवले, एक धुवाचा आणि एक यिरिचाचा.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात आपण 'वेलकम टू कंट्री', म्हणजे मुलखात स्वागत, करू शकतो का?

नाही. स्वागत करण्याचा अधिकार फक्त त्या मुलखाच्या माणसांचा. सिडनीतील वडीलधाऱ्यालाही मेलबर्नमध्ये तो नाही. पाहुण्याने परवानगी घेऊन दुसऱ्याच्या मुलखात शिरायचे ही रीत जुनी आहे. तिचे आजचे सार्वजनिक रूप १९७६ मध्ये पर्थ येथे रिचर्ड वॉली आणि अर्नी डिंगो यांनी पाहुण्या कलावंतांच्या स्वागतासाठी केले, असे सांगितले जाते. आपण करतो ती 'ॲक्नॉलेजमेंट', म्हणजे सुरुवातीला सांगितलेले राखणदारांचे स्मरण, आणि ती कोणीही करू शकतो. निदान त्या मुलखाचे नाव आधी विचारून, उच्चार घोकून यावे. मेलबर्नमध्ये अनेक ठिकाणी ते वुरुंजेरी किंवा बुनुराङ असेल.

या लोकांचे भारताशी रक्ताचे नाते आहे, हे खरे का?

२०१३ च्या एका जनुकीय अभ्यासात सुमारे ४,००० वर्षांपूर्वी भारतातून तिकडे स्थलांतर झाले असावे असा निष्कर्ष होता; २०१६ मध्ये वाय गुणसूत्रांच्या अभ्यासाला त्याचा आधार सापडला नाही. समाजमाध्यमांवर मात्र फक्त पहिलाच फिरत असतो.

उलुरूला जाताना काय लक्षात ठेवावे?

२६ ऑक्टोबर १९८५ रोजी खडकाची मालकी अनांगूंना परत मिळाली, आणि त्यांनी तो ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी दिला. बरोबर ३४ वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९ पासून, चढाई कायमची बंद झाली. चढण्याची वाट 'माला' नावाच्या पूर्वजांच्या, म्हणजे लहान वॉलबी-पुरुषांच्या (वॉलबी हा कांगारूसारखा छोटा प्राणी), मार्गावरून जात होती. शिवाय तेथे किमान ३७ जण दगावले, आणि आपल्या मुलखात आलेल्या पाहुण्याच्या मृत्यूचा भार यजमानावर असतो असे अनांगू मानतात.

पायथ्याची १०.६ किलोमीटरची प्रदक्षिणा खुली आहे. शक्यतो पहाटे निघावे. काही टप्प्यांवर छायाचित्र घेऊ नये अशा पाट्या आहेत. तेथे कॅमेरा आणि फोन दोन्ही खिशात ठेवावेत, कारण ती ठिकाणे तेथेच पाहायची असतात.

आणि दगड उचलू नये. आठवण म्हणून खडे, वाळू नेणारे अनेक पर्यटक पुढे कित्येक वर्षांनी ते टपालाने परत पाठवतात, सोबत पत्र असते, कोणी क्षमा मागते, कोणी घरात आलेल्या आजारपणाचा उल्लेख करते. उद्यानाच्या कार्यालयात अशी पाकिटे येत राहतात. खडा परत येतो, परंतु तो कोणत्या कपारीतला, कोणत्या कथेतला, हे पत्रात बहुधा लिहिलेले नसते, आणि त्यामुळे तो पुन्हा ठेवायचा कुठे हे कोणालाच सांगता येत नाही.